तोओनेवर हिवाळा येईना

माझ्या बायकोनं सिगरेटवरून भांडायचं सोडलं, तिथून माझा संशय सुरू झाला.

लग्न झाल्यापासून हिसाएनं मला एक सिगरेट सुखानं ओढू दिली नव्हती. मी गॅलरीत गेलो की मागून काच लावून घ्यायची, वर काचेआडून तोंड वाकडं करायची. आणि पोटाचं ऑपरेशन करून मी घरी आलो, त्या संध्याकाळी हीच बाई राखेची ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, आतच ओढा की. बाहेर गार आहे." मी तिच्याकडे बघतच राहिलो. पोट फाडून आलेल्या नवऱ्याला कुणी असं म्हणतं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी किजिमा. तोयामात एका बांधकाम कंपनीत जमिनी मोजतो. तिवईवर दुर्बीण बसवायची, आकडा घ्यायचा, मग तोच आकडा उलट बाजूनं पुन्हा घ्यायचा. लोक म्हणतात, हा माणूस संशयी आहे. आहेच मुळी. शेजाऱ्यानं बोटानं दाखवलेली हद्द मी खरी मानत गेलो असतो, तर अर्धं तोयामा दुसऱ्याच्या अंगणात उभं राहिलं असतं.

डॉक्टर म्हणाले अल्सर होता, कापून काढला. आता हे ऐकून कुणाचं समाधान होईल? जपानात नवा सम्राट गादीवर येऊन दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पोटात वाईट गाठ निघाली तर डॉक्टर ते रोग्याला सांगत नसत. घरच्यांना बाजूला घेऊन सांगत, आणि घरचे रोग्याला सांगत की अल्सर आहे. ही रीतच होती आणि सगळ्यांना ठाऊक होती. त्यामुळे ज्याला खरोखरच अल्सर असे, तोही बिचारा धसका घेऊन बसे. माझ्या काकालाही अल्सरच होता. अगदी मसणात नेईपर्यंत अल्सर.

मला फक्त एवढंच हवं होतं, की जे असेल ते कुणीतरी माझ्या तोंडावर सांगावं. पण विचारायचं कुणाला? डॉक्टरांना विचारलं की ते कागदात डोकं घालायचे. हिसाएला विचारलं की तिला लगेच शेगडीवरचं काहीतरी उतू गेल्यासारखं व्हायचं. सासूबाईंनी लाकडी खोक्यातून खरबूज पाठवलं; एवढं महागडं फळ आमच्याकडे जड आजाऱ्यालाच पाठवतात. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी माझ्याकडे धड बघितलं नव्हतं, आणि आता खरबूज! मी ते खाल्लं, गोड होतं, पण घासागणिक धडधड वाढत गेली.

एकच जागा उरली होती जिथं आजवर माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. ती म्हणजे आमचं रविवारचं टोळकं.

हे ऐकून लोक हसतात, हसू देत. महिन्यातून एकदा आम्ही पाच-सहा जण मोहल्ल्याच्या सभागृहातली चटयांची खोली घेऊन खेळ मांडतो. फासे, कागद, पेन्सिली, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आणि विजेच्या किटलीतला चहा. एकजण सूत्रधार होऊन जग रचतो, बाकीचे त्या जगात माणसं होऊन राहतात. सूत्रधार म्हणतो, समोर दरी आहे. तुम्ही म्हणता, मी उडी मारतो. मग फासे ठरवतात तुमच्या हाडांचं काय झालं. आमची जगं सगळी आकाशातली, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीची. आणि आमची सूत्रधार ओरितोसान, म्हणजे ओरितोबाई.

ओरितोसान दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढा फरक राहिला तरी म्हातारा माणूस जेवू शकत नाही, तेव्हा हिशेबाची चूक म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको. तिची ग्रहमाला अशी की आधी तारा ठरणार. किती मोठा, किती तेजाळ, किती काळ जगणार. मग त्या तेजावरून ग्रह कुठं ठेवला तर पाणी पाणी राहील ते. मग वर्ष केवढं, दिवस केवढा, चंद्र असेल तर भरती किती. एकदा ठरलं की ठरलं. आमच्यात एक नियम होता. कुणाला काही खटकलं तर त्यानं "मोजणी!" म्हणायचं. मग खेळ थांबायचा, सगळे गप्प बसायचे, आणि सूत्रधारानं आपली आकडेमोड सगळ्यांसमोर मांडायची. हा शब्द मीच आणला होता हे सांगायला नकोच.

ती माया दाखवणारी नव्हती. जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा मुकाइ, आमच्यातला सगळ्यात वाचाळ माणूस, एकदा खेळात त्याचं अख्खं जहाज इंधन थोडंसं कमी पडलं म्हणून ताऱ्यात पडलं. मुकाइनं गयावया केली, हात जोडले. ओरितोसानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी स्वतः बघितलं. पण म्हणाली, "मुकाइसान, तारा माझा नातेवाईक नाही हो." जहाज बुडालं. मुकाइ पुढचे कित्येक महिने तिच्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलायचा.

तर सध्या आम्ही तोओने नावाच्या ग्रहावर राहत होतो. आपल्या सूर्यापेक्षा मोठा, पांढराशुभ्र तारा, आणि त्याच्याभोवती लांबट अंड्यासारख्या वाटेनं फिरणारा तोओने. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली नऊ वर्षं. चेंडू वर फेकला की तो सगळ्यात उंच जागी जरा रेंगाळतो ना, तसाच हा ग्रह ताऱ्यापासून लांब गेला की रेंगाळणार. म्हणजे उन्हाळा चुटकीसरशी संपणार आणि हिवाळा वर्षानुवर्षं हटणार नाही. ही वाट खेळ सुरू होण्याआधी मी स्वतः तपासली होती. माझ्याकडे तिथं एक गाव होतं, इवासे नावाचं. आमच्या तोयामाच्या बंदरावरून मी ते नाव ठेवलेलं. शेतीवाडी, मासेमारी, पोरंबाळं, आणि त्यांचा मुखिया मी.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा इवासेत पहिलं दंव पडत होतं. खेळाचे दोन रविवार माझे बुडाले, म्हणजे तिथले कितीतरी महिने. परत आलो तेव्हा हिशेबानं तिथल्या तळ्यावर ट्रक चालवावा एवढा बर्फ हवा होता.

खोलीत शिरलो तर पहिला धक्का मुकाइनं दिला. हा माणूस मला माझ्या मोजणीवरून 'गजवाले' म्हणूनच हाक मारायचा, आणि आल्या आल्या काहीतरी खोड काढायचाच. त्या दिवशी उठून त्यानं माझ्यासाठी उशी आणून ठेवली.

"किजिमासान, बसा, बसा. भिंतीला टेकून बसा."

"तुला काय झालं रे?" मी विचारलं. "ताप आहे का?"

"छे, काही नाही." आणि चकत्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. तीत समुद्रशेवाळ लावलेली शेवटची चकती होती. तिच्यावरून आमची आजवर भांडणं झालेली. मी ती उचलली आणि त्याच्या तोंडाकडे बघत खाल्ली. तो हसला. हसला म्हणजे काय!

शेजारच्या खोलीत लोकगीतांचा वर्ग चालायचा, बायका तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळत होत्या. ओरितोसाननं आपला उभा पुठ्ठा समोर लावला, ज्याच्याआड तिचे कागद असतात, आणि सांगायला लागली. "इवासे. सकाळची वेळ. तळ्याच्या काठाला पातळसा बर्फ आहे, पण मधलं पाणी मोकळं आहे. होड्या निघाल्यात."

"मोकळं?" मी म्हणालो.

"हो."

"आत्ता?"

"हवा जरा बरी आहे यंदा." असं म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

हवा बरी आहे! ओरितोसानच्या तोंडी हे वाक्य म्हणजे न्यायाधीशानं 'जाऊ द्या हो' म्हणण्यासारखं.  माझं लक्ष खेळातून उडालं. मला तिचा सगळा चेहराच मोजावासा वाटायला लागला.

घरी येऊन मी वाट पुन्हा काढली. माझी चूक असेल म्हणून एकदा सरळ आणि एकदा उलट काढली. चूक नव्हती. हिसाए चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून आकड्यांकडे बघितलं आणि नुसतीच उभी राहिली. एरवी म्हणाली असती, "आहे ती जमीन मोजून पोट भरत नाही वाटतं?" तेही म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात खेळाच्या रविवारी मी तयारीनिशी गेलो.

"ओरितोसान, इवासेत बर्फ का नाही?"

"बाहेरच्या बाजूला एक मोठा ग्रह आहे," ती म्हणाली. तिनं उत्तर तयार ठेवलेलं होतं. "त्यानं ओढ दिली, म्हणून तोओनेची वाट थोडी आत आली."

"थोडी? एवढी वाट आत यायची तर तो ग्रह केवढा हवा, माहितेय ना तुला? आणि किती जवळून जायला हवा?"

"मोठाच आहे."

"मग आम्ही इतकी वर्षं तिथं राहतोय, आम्हाला तो रात्री आकाशात दिसला कसा नाही? तो दिव्यासारखा दिसला असता. माझ्या गावातल्या आंधळ्या म्हातारीनंसुद्धा विचारलं असतं, हे काय उगवलंय म्हणून!"

ओरितोसानचे कान लाल झाले. मुकाइ मध्ये पडला, "अरे जाऊ दे ना, ढग असतील."

"सहा वर्षं ढग?"

"बरं, ग्रह नाही," ओरितोसान घाईनं म्हणाली. "ज्वालामुखी. उत्तरेला फुटले. त्यांच्या वायूंनी हवा उबदार झाली."

मी पेन्सिल खाली ठेवली. ज्वालामुखी फुटले की धुरळा आणि गंधकाची वाफ वर जाऊन ऊन अडवते, आणि आधी थंडी वाढते, हे मला कुणी शिकवलं होतं? याच बाईनं. याच खोलीत, याच चटईवर, माझ्याशी तावातावानं भांडून. आता तीच मला उलटं सांगत होती, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

मी आकड्यांचा कागद घडी घालून ठेवला. 

साधी सरळ गोष्ट होती. ही बाई मुकाइच्या जहाजासाठी तारा रेसभर हलवायला तयार झाली नाही. आज माझ्या गावासाठी तिनं अख्खा ग्रह ढकलला होता, वर डोंगर फोडले होते. बिचारीला खोटं बोलणंसुद्धा नीट जमत नव्हतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंदा हिवाळा उशिरा आहे, संपलं. हिला खोट्यालाही कारण लागायचं आणि कारणाला आकडे लागायचे, म्हणूनच ती सापडली. मग प्रश्न एवढाच होता, की माझ्यासाठी का? आणि आत्ताच का? माझं काहीतरी वाईट होणार होतं, आणि ते या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मुकाइला ठाऊक होतं. शेवटच्या चकतीला ठाऊक होतं!

खरं सांगतो, आधी मला राग आला. भयंकर राग आला. घरात लपवा, हॉस्पिटलात लपवा, पण इथंही? माझ्याच नियमाच्या खोलीत?

"मोजणी," मी म्हणालो.

सगळ्यांच्या पेन्सिली खाली गेल्या. शेजारच्या बायकासुद्धा नेमक्या श्वास घ्यायला थांबल्या होत्या.

"किजिमासान," मुकाइ हळू आवाजात म्हणाला, "आज नको ना."

"मुकाइ, तू गप. मोजणी म्हटलं मी."

नियमानं ओरितोसाननं कागद मांडायला हवे होते. तिनं पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.  मग पुठ्ठा आडवा पाडला, पण कागदाला हात लावला नाही.

"मांडायला काही नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमची वाट बरोबर आहे. चूक मी केली. मुद्दाम केली. मला माफ करा." आणि चटईला कपाळ लागेल एवढी वाकली.

"ऊठ आधी," मी म्हणालो.  "आणि दुरुस्त कर."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? माझ्या लोकांनी बंदर बांधायला घेतलंय. धान्य विकून लाकूड घेतायत. हिवाळा येणार असेल तर त्यांना ते कळायला नको? जमिनीखाली कोठारं खणायची आहेत, पोरांना दक्षिणेकडे पाठवायचंय, कुणी कुणाला काय सांगायचं राहिलं असेल ते सांगायचंय. तू त्यांना ऊन दाखवून बसवून ठेवलंस. ही माया नाही, ओरितोसान. ही फसवणूक आहे."

ती सरळ बसली. चष्मा काढून पुसला, घातला. आणि मी परत आल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, जशी पूर्वी बघायची तशी.

"इवासे," ती म्हणाली. "वारा उत्तरेचा आहे. काल रात्रीत तळं गोठलं. मधलं पाणीसुद्धा."

"बर्फ किती जाड?"

"माणूस चालेल एवढा. आणि वाढतोय."

"धान्य?"

तिनं आकडा सांगितला. मी मनात भागाकार केला, ती माझा भागाकार होईपर्यंत थांबली. मग मी ते विचारलं. 

"मुखियाला वसंत दिसेल?"

कुणीही फासे उचलले नाहीत. मुकाइ मान खाली घालून चटईचा धागा उपसत होता. ओरितोसानच्या डोळ्यांत पाणी भरलं, त्या जहाजाच्या वेळी भरलं होतं तसंच. आणि त्या वेळेसारखीच ती हलली नाही.

"नाही," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, कळलं की मी कोसळेन. तसं झालं नाही. भीती वाटली, हो, हात चटईवर टेकावे लागले. पण इतक्या महिन्यांनी पायाखाली जमीन लागली. मी ओरितोसानला म्हणालो, "आभारी आहे." ते मनापासून होतं. मग आम्ही खेळलो. बंदराचं लाकूड मी कोठारांना लावलं, म्हाताऱ्यांना उबेसाठी गोठ्यांत हलवलं, आणि मुखियाची टोपी मुकाइच्या पात्राला दिली.

"मला? मी गाव बुडवीन," मुकाइ नाक ओढत म्हणाला.

"बुडवलंस तर मसणातून उठून येऊन तुझं दुकान मोजीन," मी म्हणालो. "निम्मं रस्त्यात निघेल."

"हलकट गजवाला," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

खेळ आवरल्यावर सभागृहाच्या मोरीवर ओरितोसान कप विसळत होती. मी पुसायला घेतले. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या मिसेस आल्या होत्या माझ्याकडे. आमचा खेळ काय असतो तेही त्यांना धड माहीत नव्हतं. म्हणाल्या, ह्यांचं तिथं एक गाव आहे म्हणे, त्या गावाला तेवढं काही होऊ देऊ नका. एवढंच. बाकी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या रडत होत्या. मला नाही म्हणता आलं नाही."

ट्रामनं घरी जाताना मी काय काय ठरवलं होतं! दार उघडताच बोलायचं. किती दिवस मला बनवलंस, असं विचारायचं. राखेची ताटली, खरबूज, सगळं पुढ्यात मांडायचं. पायऱ्या चढताना तर वाक्यंही तयार होती.

हिसाए स्वयंपाकघरात होती. माझ्यासाठी मऊ भात घोटत होती. पाठमोरी. मी बूट काढले तरी वळली नाही. फक्त पळी थांबली.

"आलात?" ती म्हणाली. मग उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारल्यासारखं, "तुमचं ते गाव कसं आहे?"

आयुष्यात तिनं कधी माझ्या गावाची चौकशी केली नव्हती. तिच्या पाठीचं हाड न हाड ताठ झालेलं मला दिसत होतं. या बाईला खोटं बोलायची मुळीच सवय नाही. दूधवाल्यालाही ती खरं सांगून बसते. ही एकटी, एवढे महिने, रोज सकाळी उठून हे ओझं उचलत होती. आणि मला मात्र वाटत होतं की सगळं ओझं माझ्याच पोटात आहे. मला तिची इतकी दया आली की तयार केलेलं एकही वाक्य सापडेना.

"मजेत आहे," मी म्हणालो. "हिवाळा यंदा नाहीच म्हणे. होड्या चालल्यात."

पळी पुन्हा फिरायला लागली. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि वाडगा पुढं करताना माझ्याकडे बघून हसली. छान हसली.

मी भात खाल्ला, चांगला झालाय म्हणालो. ती हो म्हणाली. पण वाडगा उचलताना तिचा हात माझ्या हातावर जरा जास्तच वेळ राहिला, आणि मला संशय आहे, तिनं माझं खोटं पकडलं.